माझ्या निबंधातली नदी

मार्च लागला की माझ्या दाराबाहेर चपलांचे ढीग पडतात. बिल्डिंगमधली, शेजारच्या चाळीतली पोरं वह्या घेऊन येतात. मी मराठी शिकवायचं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली, पण मार्चला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. तो दर वर्षी येतो, सोबत तो कोरडा वारा आणतो, आणि माझी रात्रीची झोप जाते. लोकांना वाटतं बाईंना अजून परीक्षेचं टेन्शन येतं. येऊ दे वाटायला.

परवा पूजा आली. नववीतली मुलगी, वडील कारखान्यात, बेटेगावच्या बाजूला भाड्याची खोली. निबंध लिहून आणला होता, ‘माझे गाव’. उभी राहून घडाघडा वाचायला लागली. ‘माझे गाव फार सुंदर आहे. गावातून नदी झुळझुळ वाहते. नदीकाठी आमराई आहे.’

मी म्हटलं, “थांब. कुठली गं नदी?”

“मॅडम, निबंधातली.”

“तुझं गाव कोणतं?”

“बोईसरच ना. मेरा तो जनमच इथला आहे.”

“मग नदी कुठाय?”

ती हसली. एवढं शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही म्हणून हसली. “नदी टाकावी लागते, मॅडम. मार्क मिळतात.”

मी तिला पाणी आणायला आत पाठवलं. ती नदी माझ्या ओळखीची आहे. साठ सालानंतरच्या एका मार्चमध्ये मी ती आमच्या गावातून वाहवली होती, आणि त्या नदीत आमचं जे वाहून गेलं ते आजवर परत आलेलं नाही.

आमचं गाव तारापूरच्या अंगाला, समुद्राच्या काठी. मांगेल्यांची, मासेमारांची वस्ती. समोर होड्या, मागे ताडाची झाडं, आणि दोन्हींच्या मध्ये वाळूचा एक लांब पट्टा. त्या पट्ट्यावर बांबू पुरून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असायच्या. त्यांना आम्ही वलांड्या म्हणायचो. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. होड्या आणायच्या पुरुषांनी, पण वाळूवरचं सगळं राज्य बायकांचं. कुणाची वलांडी कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते हे कुठल्याही कागदावर नव्हतं. सासूकडून सुनेकडे जागा यायची आणि त्यावरून कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. पावसाच्या आधी बांबू उपटून घरी रचायचे, नारळी पुनवेनंतर पुन्हा त्याच खड्ड्यांत पुरायचे. डोळे मिटूनसुद्धा बायकांना आपापला खड्डा सापडायचा.

आणि वास. त्याच्याबद्दल लिहायचं टाळून मी एक आयुष्य काढलं, म्हणून आता आधी तोच सांगते. ओल्या बोंबलाचा वास वेगळा, तिसऱ्या उन्हाचा वेगळा, आणि मार्चमधला, कडक वाळलेला, घशाशी बसणारा तर अगदीच वेगळा. तो कपड्यांत असायचा, वेणीत असायचा, वहीच्या पानांत असायचा. चार मैल चालून मी शाळेत पोचायचे तेव्हा वाऱ्याने सगळं उडून गेलेलं असेल असं मला वाटायचं. पुढच्या बाकावरची मुलगी खिडकीकडे सरकली की कळायचं, उडालेलं नाही.

आमच्या वस्तीतून अकरावीपर्यंत, तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत, पोचलेली मी पहिली मुलगी. मराठीचे सर देशावरचे होते. समुद्र त्यांनी नोकरीला आल्यावर पाहिला, आणि त्यांना तो फारसा आवडला नाही. पण शिकवायचे मात्र जीव ओतून. निबंधाचा तास म्हणजे पर्वणी. म्हणायचे, “तपासणाऱ्यापुढे हा एवढा गठ्ठा असतो. तो कंटाळलेला असतो. त्याला पहिल्या ओळीत पकडा.” आणखी एक गोष्ट ते सांगायचे, “लिहिण्याआधी विचारा, हे कोण वाचणार आहे आणि त्याला काय हवं आहे?” हे दुसरं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि विसरून गेले. पहिलं मात्र डोक्यात पक्कं बसलं.

‘माझे गाव’ मी आधी खरं लिहिलं होतं. वलांड्या, बोंबील, आयचे मिठाने चिरलेले हात. सरांनी बोंबील या शब्दावर तांबडी रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘अप्रस्तुत’. मला बोलावून घेऊन म्हणाले, “बाळ, तुझी भाषा गोड आहे. तिला असला वास कशाला लावतेस?” ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण मी जी लाजले ती लाजलेच. घरी जाऊन नवा निबंध लिहिला. त्यात नदी होती, आमराई होती, कोकिळा होती, देवळाचा कळस होता, गोठ्यात परतणारी गुरं होती. आमच्या गावात गुरं म्हणजे दोन बकऱ्या. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. पुढच्या बाकावरची ती मुलगीसुद्धा मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. आता माझ्या अंगाला वास येत नव्हता.

त्याच मार्चमध्ये वाळूवर खांब दिसले.

एका सकाळी बायका गेल्या तर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचे चार-पाच खांब रांगेत उभे. कोण येऊन पुरून गेलं कुणी पाहिलं नव्हतं. जीपच्या चाकांच्या खुणा तेवढ्या ओल्या वाळूत होत्या आणि भरतीने त्याही दुपारपर्यंत पुसल्या. एक खांब नेमका आमच्या दोन वलांड्यांच्या मध्ये होता. आयने त्याला हलवून पाहिलं, पक्का होता. मग तिने सरळ त्याला दोरी बांधली आणि बोंबील टांगले. “फुकटचा खांब मिलाला गो,” ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग रोज काहीतरी व्हायला लागलं. ताडांच्या पलीकडे जमिनीत भोक पाडायचं यंत्र आलं. त्याचा ठोका दिवसभर चालायचा, धप्प, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. अभ्यास करताना मी नकळत पुढच्या ठोक्याची वाट बघत बसायचे. कुत्री वाळूवर जाईनाशी झाली. इथे काय होणार ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे वीज, कुणी म्हणे बंदर. एवढंच कळलं की एका मोठ्या कामाचं सामान ठेवायला जागा हवी आहे आणि मोजणीवाल्यांची नजर आमच्या वाळूवर आहे. चावडीवर कागद लागला. मीच तो वाचून दाखवला. कुणाचा वापर असेल, हरकत असेल, त्याने मुदतीत लेखी कळवावं.

संध्याकाळी ढाकूकाका घरी आले. वस्तीचे पुढारी, आमच्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. दाराशीच उकिडवे बसले.

“पोरी, तूच लिव. तू शिकलेली. आमी अंगठे लावू.”

“काय लिहू, काका?”

“आता ते आमाला कललं असतं तर तुज्याकडं आलो असतो काय?”

आय चुलीपाशी होती. मान न वळवता म्हणाली, “वालू गेली तर बोंबील कुठं सुकवायचं? एवढंच इचार त्यांना.”

एवढंच विचारायचं होतं. एका ओळीत मावलं असतं. किती घरं, किती पिढ्या, कुठपासून कुठपर्यंत, वर्षातले कुठले महिने. कागद वाचणाऱ्या माणसाला एवढंच हवं होतं. मी मात्र दोन दिवस खपून तीन पानं लिहिली. परीक्षेच्या तोंडावर अभ्यास बाजूला ठेवून लिहिली, हेही सांगते, म्हणजे मी हलगर्जीपणा केला असं कुणाला वाटायला नको. जे माझ्याकडे सगळ्यात चांगलं होतं तेच मी त्या कागदात घातलं. नदी घातली. आमराई घातली. ‘या पावन भूमीच्या कुशीत आम्ही सुखाने नांदतो’ असं लिहिलं. शेवटी मातृभूमीच्या डोळ्यांतले अश्रू घातले.

रविवारी होड्यांपाशी सगळे जमले आणि मी उभी राहून अर्ज वाचला. मागे ते यंत्र धपधपत होतं. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. ढाकूकाकांच्या दाढीवरून पाणी ओघळलं. पोरीने काय लिवलं, काय लिवलं, असं जो तो म्हणत होता. कुणालाही सगळे शब्द कळले नव्हते, पण आपल्याबद्दल कुणीतरी एवढ्या थोर भाषेत बोलतंय हे कळत होतं. ऐकणारे रडले म्हणजे लिहिणं साधलं, असं मला वाटलं. त्यांना ते वाचायचं नव्हतं, ज्याला वाचायचं होतं तो तिथे नव्हता, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

फक्त आय रडली नाही. सगळं झाल्यावर तिने विचारलं, “आनि आपलं बोंबील कुठं हायत यात?”

“आय, असल्या कागदात तसं लिहीत नाहीत.”

“वलांड्यापन नाय?”

“नाही गं. वाईट दिसतं.”

तिने शाईच्या तबकडीवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. तिच्या अंगठ्याला मिठाच्या चिरा होत्या, ठशात त्या पांढऱ्या उमटल्या. तीन पानांत आमच्या वाळूची खरी खूण काय ती तेवढीच होती, हे मला फार उशिरा सुचलं.

त्यानंतर आठवड्याभरात मी पालघरजवळच्या माहीमला आतेकडे राहून पालघरला परीक्षा दिली. मराठीच्या पेपरात निबंध कुठला आला होता ते सांगायला नकोच. पेन आपोआप धावत होतं. नदी, आमराई, कळस. बाहेर पडताना मैत्रिणीला म्हटलं, पैकीच्या पैकी. आणि तसंच झालं म्हणायला हरकत नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा मराठीतल्या माझ्या मार्कांची चर्चा शाळेत बरेच दिवस चालली.

मोजणीचा साहेब चौकशीला आला तो भर पावसात, नारळी पुनवेच्या थोडे आधी. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बांबू घरोघरी रचलेले. वाळूवर काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही, मैलभर ओली रिकामी वाळू आणि त्यात ते पट्ट्यापट्ट्यांचे खांब. दर वर्षीच तशी असते, पण त्या दिवशी मी तिच्याकडे परक्याच्या नजरेने पाहिलं. इथे कुणी कधी काही करत असेल असं वाटतच नव्हतं.

साहेब भला माणूस होता. छत्री स्वतः धरली होती. त्याने खिशातून माझी तीन पानं काढली.

“हे कुणी लिहिलंय?”

ढाकूकाकांनी मला पुढे केलं. छाती फुगली होती त्यांची.

“मराठी छान आहे तुझं,” साहेब म्हणाला. “बरं, नदी कुठल्या बाजूला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“आमराई तरी? मोजणीच्या नकाशात मला दिसली नाही. हा अर्ज याच गावचा ना?”

“याच गावचा, साहेब,” काका म्हणाले. “आमचीच वालू हाय.”

“या वाळूवर तुम्ही करता काय?”

मग एकदम सगळ्या बायका बोलायला लागल्या. बोंबील, जवळा, वलांड्या, सासूच्या सासूपासून. आय साहेबाला हाताला धरून घेऊन गेली आणि वाकून खड्डे दाखवायला लागली. हा माझा, हा जावेचा, हा पलीकडचा. पावसाने खड्डे भरून सपाट झाले होते. ती बोटांनी वाळू उकरत होती आणि साहेब छत्री तिच्या डोक्यावर धरून उभा होता.

“बाई, पण हे अर्जात नाही,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “अर्जात कोकिळा आहे. कागदावर जे आहे तेवढंच मला तपासता येतं. मुदत होती तेव्हा एक ओळ लिहिली असती तरी मी थांबलो असतो.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चूक माझी आहे, बायका खरं सांगतायत, पुन्हा लिहून देते, आत्ता इथे लिहून देते. घरी माझ्या दप्तरात कागद होता. पण माझं मराठी छान आहे असं आत्ताच साहेब म्हणाला होता, आणि जिभेवर जे यायला हवं होतं त्याला मासळीचा वास होता. मी गप्प राहिले. साहेबाने वहीत काहीतरी टिपलं. जीप गेली.

दिवाळीच्या सुमाराला कागद आला. त्यात आमच्या वाळूचं वर्णन दोन शब्दांत होतं: पडीक, बिनवापर. माझी तीन पानं आणि त्यांचे दोन शब्द. लिहिणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते असं कळायला नको होतं. त्यानंतर बोंबलाची पहिली होडी लागली तेव्हा आमचे बांबू उपटलेले आणि तारेचं कुंपण उभं होतं. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन कुंपणापाशी उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं नाही, रडलं नाही. मार्चमध्ये सगळं रडून झालं होतं.

मग घरांच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, कुडावर, जिथे मिळेल तिथे बोंबील वाळायला लागले. धूळ बसायची, किडे पडायचे, अर्धा माल फुकट जायचा. एकेक करून बायका ते काम सोडून डोक्यावर ओझी वाहायला जायला लागल्या, त्याच कुंपणाच्या आत. मला कुणी बोल लावला नाही. फक्त विहिरीवर गेले की कुणीतरी हळूच म्हणायचं, “आज नदीवर नाय गेलीस काय गो?” आणि सगळ्या हसायच्या. चिडवणंच ते, मायेचं चिडवणं. त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

नदीने मला मात्र काही कमी केलं नाही. त्या मार्कांवर मी पुढे शिकले, नोकरी लागली, बोईसरला घर झालं. पुढे बोर्डाचे पेपर तपासायला यायचे. गठ्ठा सोडला की पहिल्याच पानावर ती झुळझुळ वाहत असायची. डोंगरातल्या पोरांच्या पेपरात, किनाऱ्यावरच्या एडवणच्या पोरांच्या पेपरात, जिथे एप्रिलमध्ये प्यायला पाणी नसतं तिथल्या पोरांच्या पेपरात. नियमाप्रमाणे मला मार्क द्यावे लागायचे. मी द्यायचे आणि हात धुऊन यायचे.

पूजा पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं, “तुझ्या खोलीत संध्याकाळी कसला वास येतो?”

“केमिकलचा. मम्मी सात वाजता खिडक्या लावून घेते. लहान भाऊ खोकतो ना.”

“ते लिही.”

“निबंधात?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझे सर आठवले, आणि तेव्हाची मीही आठवले. “मॅडम, मार्क कटतील.”

कापतील, हे खरंच होतं. तरी म्हटलं, “परीक्षेत तुला हवं ते लिही. पण एकदा खिडक्यांचं लिहून माझ्याकडे आण. कुठल्या महिन्यात, किती वाजता, किती घरं, कोण खोकतं. कधीतरी कुणीतरी तुझ्याकडे कागद घेऊन येईल, तेव्हा ते तुला लिहिता आलं पाहिजे.” तिने मान हलवली. आणेल की नाही ठाऊक नाही. गेल्या वर्षीच्या मुलाने आणलं नाही.

ती गेल्यावर मी खिडकी लावली. आणि मग जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते आठवत बसले.

आय शेवटी माझ्याकडेच होती. तोही मार्चच होता, दुपार होती, माझ्यापुढे तपासायचा गठ्ठा पडला होता. नजर गेली होती तिची, पण कान शाबूत होते. पान उलटल्याचा आवाज ऐकून म्हणाली, “तो अर्ज हाय काय गो तुज्याकडं? वाच बगू एकदा.”

मला तो तोंडपाठ होता. मी म्हणायला लागले. दोन ओळींतच तिने हात हलवला.

“त्यात आता आपलं बोंबील घाल.”

मी पेन खाली ठेवलं आणि तोंडीच म्हणायला सुरुवात केली. आमच्या वस्तीतल्या बायका या वाळूवर मासळी सुकवतात. दक्षिणेला ताडाच्या जोडीपासून उत्तरेला खडकापर्यंत. नारळी पुनवेपासून पाऊस पडेपर्यंत. मध्ये मध्ये ती मला थांबवायची. “खडकाच्या अलीकडं. खडकावर नाय.” मग घरांची नावं सांगायला लागली, एकेकीची, क्रमाने, पहिल्या खड्ड्यापासून. तीस वर्षं तिथे कुंपण होतं, तरी एकही नाव चुकलं नाही. शेवटचं नाव तिचं स्वतःचं होतं.

“आता बरोबर हाय,” ती म्हणाली. “लिवलंस ना सगलं?”

“लिहिलं, आय.”

“मग आन हिकडं,” असं म्हणून तिने अंगठा पुढे केला आणि तो तसाच धरून ठेवला, आणि मी तिच्याकडे बघत राहिले, कारण माझ्या हातात कागद नव्हता.